काचेवरचं खरं तापमान: स्प्रेने झिंक ऑक्साइडच्या फिल्म काढताना

प्रोजेक्टला आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्या दिवशी मी रसायनं देत नाही. हॉटप्लेटवर काचेची स्लाइड ठेवायची, तिच्यावर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा जस्ताचा तुकडा, आणि कंट्रोलरवर तापमान हळूहळू वाढवत न्यायचं. जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळतं हे सगळ्यांना पाठ असतं. डिस्प्लेवर ४२० दिसलं की सगळे वाकून बघतात. तुकडा ढिम्म. ४३०, ४४०. स्टीलच्या सुईने टोचून बघावं तर अजून टणक.

मी स्वतः ही चाचणी केली ती सगळ्यात शेवटी, फिल्मची, म्हणजे काचेवरच्या पातळ थरांची, अख्खी मालिका काढून झाल्यावर. डिस्प्लेवर ४६२ आलं तेव्हा कुठे सुईखाली तुकडा लिबलिबीत झाला. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) टोक हीटरच्या खाचेत बसवलेलं होतं, ते प्लेटचं तापमान सांगत होतं. काचेचं कुणी विचारलंच नव्हतं. ‘साडेचारशेची फिल्म’ म्हणून आठ महिने जी मिरवली, ती निघाली ४१०च्या आसपासची.

तापमानाचा फिल्मच्या गुणधर्मांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सोपा वाटतो: पाच तापमानं घ्या, पाच फिल्म काढा, आलेख काढा. अडचण अशी की तापमान एकटं कधीच बदलत नाही. त्याच्याबरोबर जाडी बदलते, थेंब काचेवर कसा पोचतो ते बदलतं, काचेतून वर येणारं सोडियम बदलतं. म्हणून हा लेख मोजमापाच्या यंत्रांपेक्षा फिल्म काढण्याच्या टेबलापाशी जास्त रेंगाळणार आहे.

उदाहरण घेऊ स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे द्रावण तापलेल्या काचेवर फवारून आणि उष्णतेने त्याचं विघटन करून, काढलेल्या झिंक ऑक्साइडचं. व्हॅक्यूम पंप लागत नाही, झिंक ॲसिटेट स्वस्त आहे, आणि कॅडमियमसारखा विषाचा घोर नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात स्प्रे आणि इतर रासायनिक पद्धतींनी थिन फिल्म काढण्याचं काम कित्येक वर्षं चाललेलं आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत परकी नाही. पद्धत तशी जुनीच. चेंबरलिन आणि स्कारमन यांनी १९६६मध्ये सौरघटासाठी कॅडमियम सल्फाइडच्या फिल्म अशाच फवारून काढल्या होत्या.

थेंबाचं काय होतं

घावन घालणारी बाई तव्यावर आधी पाण्याचे चार थेंब शिंपडते. थेंब पसरून संथ आटला तर तवा थंड. चुर्रर्र करून उडाला तर बरोबर. गोळी होऊन नाचायला लागला तर तवा फार तापलाय, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार झाली आणि थेंब तव्याला टेकतच नाही. लायडेनफ्रॉस्टने १७५६मध्ये याच नाचाचं वर्णन लिहून ठेवलं.

स्प्रेमधले थेंब पुष्कळ बारीक, त्यामुळे गणित थोडं वेगळं, पण तर्क हाच. विगिए आणि स्पिट्झ यांनी १९७५मध्ये त्याचे चार प्रकार मांडले. तापमान कमी असेल तर थेंब ओलाच काचेवर आपटतो, पाणी तिथेच उडतं आणि मागे उरलेलं मीठ (म्हणजे इथे झिंक ॲसिटेट) मग विघटित होतं. अशा फिल्मवर भिंग लावलंत तर एकावर एक पडलेली वर्तुळं दिसतात, वाळलेल्या चहाच्या डागासारखी. थोडं वर गेलं की पाणी वाटेतच उडतं आणि मिठाचा कोरडा कण काचेवर येतो. आणखी वर, तो कण काचेजवळ येऊन वायुरूप होतो आणि त्याची वाफ काचेच्या पृष्ठभागावर विघटित होते. आपल्याला हवी असते ती हीच अवस्था, यातूनच घट्ट, चिकटून बसणारी फिल्म मिळते. त्याच्याही वर सगळी रासायनिक क्रिया हवेतच उरकते आणि काचेवर नुसती पांढरी भुकटी पडते. बोट फिरवलं की बोटाला येते.

काचेवर पोचल्यावर दुसरी गोष्ट सुरू होते. आलेला अणू किंवा रेणू स्थिर होण्याआधी पृष्ठभागावर जागा शोधत हिंडतो. ही हालचाल तापमानाबरोबर घातांकी वाढते. एक इलेक्ट्रॉन व्होल्टचा अडथळा ओलांडायचा आहे असं धरून हिशेब करा: ३५० वरून ४५० अंशांवर गेलं की उडी मारण्याचा वेग साधारण १३ पट होतो. आणि ४०० अंश समजून प्रत्यक्षात ३८०ला काम केलं, तर तो दीडपटीहून अधिक फरकाने चुकतो. सुरुवातीचा जस्ताचा तुकडा एवढ्यासाठीच.

अणूंना फिरायला जास्त मुभा मिळाली की ते मोजक्या बीजांना जाऊन चिकटतात, त्यामुळे बेटं कमी पण मोठी होतात. मुभा कमी असली तर जिथे पडले तिथेच बसतात आणि बारीक कणांचा, पोकळ्यांचा थर तयार होतो. झिंक ऑक्साइड १९७५ अंशांना वितळतं. केल्विनमध्ये बघितलं तर ४५० अंश म्हणजे वितळणबिंदूच्या जेमतेम ३२ टक्के. म्हणजे अणू पृष्ठभागावर फिरू शकतात, पण थराच्या आत मोठी उलथापालथ होत नाही. ३०० अंशांना काढलेली फिल्म नंतर ४५०ला भाजली तरी ती ‘४५०ची’ होत नाही, ते यामुळेच. वाढतानाच जी घडण बसते ती नंतरच्या भाजण्याने थोडीफार सुधारते, मुळापासून बदलत नाही.

पहिलं काम: तापमान खरं करा

के प्रकारचं बारीक तारेचं थर्मोकपल घ्या आणि टोक काचेच्या वरच्या बाजूला, फिल्म जिथे पडणार तिथे, उष्णता सहन करणाऱ्या सिमेंटच्या छोट्या ठिपक्याने पक्कं करा. ही काच फक्त मोजायची, तिच्यावरची फिल्म वापरायची नाही. मग डिस्प्लेवरच्या प्रत्येक आकड्याला काचेवरचा आकडा लिहून तक्ता करा. तो तक्ता पडताळायला दोन ठरलेले बिंदू पुरतात: पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना वितळतं आणि जस्त ४१९.५ला. जस्तावर ऑक्साइडची साय धरते, म्हणून नुसतं बघू नका, सुईने दाबून बघा. गॉगल मात्र घाला.

हे झालं कोरड्या काचेचं. आता नुसतं डिस्टिल्ड वॉटर फवारत तोच आकडा बघा. तो खाली येतो, आणि किती येतो हे तुमच्या फवारणीच्या वेगावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असतं. मी २५ अंशांपर्यंत घसरण पाहिली आहे. उपाय दोन: वेग कमी करणं, किंवा थांबून थांबून फवारणं, म्हणजे दहा सेकंद फवारा, वीस सेकंद विश्रांती. दुसरा उपाय हाताला कंटाळा आणणारा आहे, पण मला तोच भरवशाचा वाटतो. काचेचं तापमान फवारताना पाच अंशांच्या पट्ट्यात राहिलं तर पुढे जा.

प्लेटच्या मध्यभागी आणि कडेला फरक असतोच. चार स्लाइड ठेवायच्या असतील तर चारही जागांचा तक्ता हवा. नाहीतर एकच ठेवा.

द्रावण आणि काच

०.१ मोलर द्रावणाच्या १०० मिलिलिटरसाठी दोन पाण्याचे रेणू असलेलं झिंक ॲसिटेट २.१९५ ग्रॅम लागतं. नुसत्या पाण्यात ते थोड्या वेळात दुधट होतं, कारण हायड्रॉक्साइड खाली बसायला लागतं. ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकले की निवळतं. किती थेंब टाकले ते लिहून ठेवा आणि सगळ्या मालिकेला तेवढेच टाका. शक्यतो सगळ्या फिल्मसाठी एकदाच मोठं द्रावण करा. पुष्कळ जण मिथेनॉल मिसळतात, थेंब बारीक होतो म्हणून. उघड्या हॉटप्लेटवर ४५० अंशांना मिथेनॉल फवारणं म्हणजे आगीशी खेळ आहे. सुरुवात पाण्यानेच करा, आणि फ्यूम हूड चालू ठेवूनच.

काच साबणाने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दहा मिनिटं. शेवटी पाण्यात बुडवून उभी धरा: पाण्याचा पडदा अखंड उतरला तर स्वच्छ, मध्येच फाटून थेंब झाले तर परत पहिल्यापासून. क्रोमिक ॲसिडची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. ती सोडलेली बरी.

काच सुकवून ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर तिचं वजन घ्या. फिल्म पडायच्या आधीचं हे वजन विसरलं की पुढे जाडी काढता येत नाही, आणि हे विसरणारा माणूस प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असतो.

फवारणी

नोझल ते काच अंतर २८-३० सेंटिमीटर, वेग मिनिटाला तीन-चार मिलिलिटर, द्रावण ५० मिलिलिटर. सुरुवातीला एवढं चालतं. तापमानं ३००, ३५०, ४००, ४५०, ५००, अर्थात काचेवरची. ५००च्या वर साध्या सोडा-लाइम काचेने जाऊ नका, ती मऊ पडायच्या बेताला येते आणि वाकते.

क्रम महत्त्वाचा. जवळजवळ प्रत्येक जण ३००पासून सुरू करून चढत्या क्रमाने जातो, कारण प्लेट थंड व्हायची वाट बघावी लागत नाही. पण दिवसभरात नोझलच्या तोंडाशी मीठ साचतं, द्रावण जुनं होतं, दुपारी कॉम्प्रेसरचा दाब वेगळा असतो. चढत्या क्रमाने गेलात तर हे सगळे बदल तापमानाच्या खात्यात जमा होतात. त्यापेक्षा ४००, ३००, ५००, ३५०, ४५० असं जा आणि शेवटी ४०० पुन्हा करा. पहिली आणि शेवटची ४००ची फिल्म एकमेकींशी जुळली नाहीत, तर मधल्या चारांवर आलेख काढू नका.

फवारणी संपली की काच प्लेटवरच थंड होऊ द्या. चिमट्याने गरम काच उचलून फरशीवर ठेवली की टक् असा आवाज येतो आणि दोन तुकडे होतात. प्रत्येक वेळी थंड होण्याचा वेळही सारखा ठेवा, कारण थंड होणं हेसुद्धा भाजणंच आहे.

जाडी, जिच्यावर सगळं अडतं

आता पुन्हा वजन. फिल्मची जाडी = वाढलेलं वजन ÷ (घनता × क्षेत्रफळ). झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ७५ बाय २५ मिलिमीटरच्या स्लाइडचं क्षेत्रफळ १८.७५ चौरस सेंटिमीटर. वजन ४.२ मिलिग्रॅम वाढलं असेल तर जाडी साधारण ४०० नॅनोमीटर. तराजूचा ०.१ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास १० नॅनोमीटर, हे ध्यानात ठेवून जाडी दशांश चिन्हानंतर लिहायचा मोह आवरा. फिल्ममध्ये पोकळ्या असल्या तर खरी जाडी यापेक्षा जास्त असते, कारण आपण घनता भरीव स्फटिकाची धरली.

(जाता जाता: ५० मिलिलिटर द्रावणातल्या सगळ्या झिंकचं ऑक्साइड झालं असतं तर ४०७ मिलिग्रॅम व्हायला हवं. काचेवर आलं चार. बाकीचं प्लेटवर, भिंतींवर आणि धुरांड्यात गेलं. स्प्रे स्वस्त आहे, काटकसरी नाही.)

पाचही फिल्मची जाडी काढा. बहुधा दिसेल ते असं: ३५०-४००पर्यंत जाडी वाढते किंवा टिकते, ५००ला घसरते. गरम प्लेटवरून वर उठणारी हवा थेंबांना ढकलून देते आणि काही पदार्थ हवेतच भुकटी होतो. समजा ४००ला ४०० नॅनोमीटर आली आणि ५००ला २००. आता या दोन फिल्मच्या स्फटिककणांचा आकार, पारदर्शकता, रोध यांची तुलना केली तर तुलना तापमानाची होते का जाडीची? दोन्हींची मिळून. पुष्कळ पदार्थांत थर जाड होत गेला की वरचे कण मोठे होत जातात, खालचे छोटे कण वाटेत दबले जातात. म्हणून ५००ला दुप्पट द्रावण फवारून जाडी ४००च्या जवळ आणा आणि मालिका पुन्हा काढा. दोन आठवडे जास्त जातात. पण जाडी न जुळवता छापलेल्या ‘तापमानाच्या परिणामांवर’ मी तरी विश्वास ठेवत नाही.

एक्सआरडी

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांचं विवर्तन: स्फटिकातल्या अणूंच्या प्रत्येक प्रकारच्या थरांमुळे ठरावीक कोनाला आलेखात एक शिखर येतं. झिंक ऑक्साइडच्या मुख्य तीन शिखरांच्या जागा तांब्याच्या क्ष-किरणांसाठी ३१.७७, ३४.४२ आणि ३६.२५ अंश, आणि त्या थरांची नावं अनुक्रमे (१००), (००२) आणि (१०१). जुळवायला ३६-१४५१ क्रमांकाचं प्रमाण कार्ड वापरतात. ३००च्या फिल्ममध्ये शिखरं बुटकी आणि रुंद असतील, खाली फुगवटा असेल. ॲसिटेट पूर्ण विघटित झालेलं नसतं. तापमान वाढलं की बहुधा (००२) उंच होतं, म्हणजे कण काचेवर उभे राहायला लागतात, कारण त्या पृष्ठाची ऊर्जा कमी असते.

‘उंच झालं’ एवढं लिहून भागत नाही, जाड फिल्मचं सगळंच उंच असतं. प्रत्येक शिखराची उंची कार्डमधल्या प्रमाण उंचीने भागा. कार्डमध्ये त्या ५७, ४४ आणि १०० आहेत. समजा तुमच्या उंची १२०, ९०० आणि २०० आल्या. भागाकार २.१, २०.५ आणि २.०, सरासरी ८.२. तर (००२)चा टेक्श्चर गुणांक, म्हणजे कण त्या दिशेला किती कललेत याचं माप, २०.५ भागिले ८.२, म्हणजे २.५. तीन शिखरं धरली तर हा आकडा जास्तीत जास्त ३ होऊ शकतो. १ म्हणजे कण वाटेल तसे पडलेत.

कणांचा आकार शेरर यांच्या १९१८च्या सूत्राने: ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले शिखराची रुंदी गुणिले थीटाचा कोसाइन (थीटा म्हणजे शिखराच्या जागेच्या निम्मा कोन). रुंदी रेडियनमध्ये, अंशांमध्ये घातली की आकार अर्ध्या नॅनोमीटरवर येतो आणि विद्यार्थी खूश होतो. ३४.४ अंशांवर ०.३० अंश रुंदी असेल तर आकार २८ नॅनोमीटरच्या आसपास. यंत्राची स्वतःची रुंदी ०.१० अंश असेल आणि ती वर्ग वजा करून काढून टाकली, तर २९. शिखर जितकं अरुंद तितकी ही दुरुस्ती मोठी, म्हणून नेमक्या जास्त तापमानाच्या फिल्ममध्येच ती टाळणं महागात पडतं.

शिखर थोडं डावीकडे सरकलेलं दिसलं तर घाबरू नका. काच थंड होताना झिंक ऑक्साइडपेक्षा जास्त आकसते, फिल्म आडवी दाबली जाते आणि उभी ताणली जाते. क्वार्ट्झच्या (म्हणजे वितळवून केलेल्या शुद्ध सिलिकाच्या) काचेवर हेच उलट होतं, कारण ती जवळपास आकसतच नाही.

प्रकाश आणि बँडगॅप

यूव्ही-व्हिस, म्हणजे अतिनील आणि दृश्य प्रकाशातली पारदर्शकता, घेताना संदर्भाला तशीच कोरी काच ठेवा. चांगल्या फिल्ममध्ये दृश्य पट्ट्यात लाटा दिसतात. वरून आणि खालून परतलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे. लाटा नाहीत आणि पारदर्शकता कमी आहे, तर फिल्म खडबडीत आहे, प्रकाश विखुरतो आहे. ३००ची धुरकट फिल्म शोषते असं लिहिण्याआधी ती विखुरते का ते बघा.

बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) टाउकच्या आलेखातल्या सरळ भागाची रेषा ऊर्जेच्या अक्षापर्यंत ओढून काढतात. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप थेट प्रकारचा, म्हणून उभ्या अक्षावर शोषणांक गुणिले फोटॉन ऊर्जा यांचा वर्ग. ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हवी तर १२४०ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. ३७८ नॅनोमीटर म्हणजे ३.२८. रेषा हाताने ओढताना ०.०२-०.०३चा फरक सहज पडतो. तेव्हा ३.२७ वरून ३.२९ झालं म्हणून परिच्छेद लिहू नका.

एक वाक्य मी हमखास खोडतो: ‘कणांचा आकार लहान असल्याने क्वांटम परिणामामुळे बँडगॅप वाढला.’ झिंक ऑक्साइडमध्ये एक्सिटॉनची (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीची) बोर त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर आहे, आणि कण साधारण तेवढा लहान असला तरच हा परिणाम दिसतो. २८ नॅनोमीटरच्या कणात तो परिणाम शोधणं म्हणजे विहिरीत मासा अडकला असं म्हणण्यासारखं. बँडगॅप खरंच सरकला असेल तर आधी ताण, उरलेलं ॲसिटेट आणि विखुरणं तपासा. वाहकांची (मोकळ्या इलेक्ट्रॉनांची) घनता फार जास्त असेल तर बर्स्टीन-मॉस परिणामही तो वर सरकवतो, पण काही न मिसळलेल्या स्प्रे फिल्ममध्ये तेवढे वाहक क्वचितच असतात.

रोध

फोर प्रोब किंवा व्हॅन डेर पॉव मांडणी वापरा, दोन्हींत फिल्मवर चार टोकं टेकवतात. दोन प्रोबने संपर्काचा रोधही मोजला जातो. त्याआधी फिल्म काळ्या कागदात गुंडाळून रात्रभर अंधारात ठेवा. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तो सुटतो. खिडकीजवळच्या टेबलावर एकाच फिल्मचा सकाळचा आणि दुपारचा रोध वेगळा येतो तो यामुळे.

तापमान वाढलं की रोध सुरुवातीला कमी होतो, कारण कण मोठे आणि त्यांच्यातल्या सीमा कमी. एका टप्प्यानंतर तो पुन्हा वाढू शकतो. याचं कारण सर्रास ‘ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरल्या’ असं लिहिलं जातं. तेवढं सरळ नाही. २०००मध्ये व्हॅन डी वॉल यांनी गणिताने दाखवलं की झिंक ऑक्साइडमध्ये शिरलेला हायड्रोजन स्वतःच इलेक्ट्रॉन देतो. पाण्यातून आणि ॲसिटेटमधून काढलेल्या फिल्ममध्ये हायड्रोजन भरपूर असणार, आणि जास्त तापमानाला तो निघून जाणार. शिवाय काचेतलं सोडियम ५००च्या जवळ वर सरकतं. शंका असेल तर तीच ५००ची फिल्म एकदा क्वार्ट्झवर काढा. रोध खूपच वेगळा आला तर बोट काचेकडे दाखवायला हरकत नाही. ताणाचा वाटा किती, ते एक्सआरडीतल्या शिखराच्या जागेवरून बघा.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने क्रमांक कोरा, तोही पहिलं वजन घेण्याआधी. मार्करची शाई ४०० अंशांना उडून जाते. वहीत त्या क्रमांकापुढे: डिस्प्लेवरचं तापमान, काचेवरचं तापमान, फवारताना झालेली घसरण, किती मिलिलिटर, किती मिनिटं, कितवी फिल्म, आधीचं वजन, नंतरचं वजन, आणि डोळ्यांना दिसला तो रंग. शेवटचा रकाना पोरकट वाटतो. पण हिरवट-गुलाबी पट्टे एका बाजूला दाटलेले दिसले की समजायचं, नोझल वाकडं होतं, आणि त्या स्लाइडला एक्सआरडीच्या रांगेत उभं करायची गरज नाही.